सफरचा चाँद दिसेपर्यंत

२०२५ साल. मला पंच्याहत्तरावं चालू होतं आणि मौलाचाचा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी थोरला. त्या सालच्या थंडीत चाचा गेला. तेव्हापासून मी कोणाशी भांडलो नाही. गावातले लोक म्हणतात, नामदेवराव म्हातारपणी निवळला. निवळलो-बिवळलो काही नाही. भांडायला माणूस लागतो. तो राहिला नाही आणि नवा शोधायची आता ताकद नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. जसं बोलतो तसं लिहिलंय. कोणी चुका काढल्या तर त्या मी दुरुस्त करणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मुदखेडपासून दीड कोसावर आमचं गाव. कालव्याच्या खालच्या अंगाला माझं रान, त्याला लागून मौलाचाचाचं. मधी एक बांध आणि बांधावर एक जुना लिंब. चाचा अंगानं वाळका, पण आवाज असा की कालव्याच्या पल्याडची माणसं हातातलं काम ठेवून ऐकायची. भांडणात त्याचा हात कोणी धरला नाही. पाण्याच्या पाळीवरून, शेळीनं तोंड घातलं म्हणून, कोणी रामराम न घालता पुढं गेला म्हणून, त्याला काहीही पुरायचं. शिवी मात्र आई-बहिणीवरून कधी दिली नाही. त्याच्या शिव्या त्यानं स्वतः घडवलेल्या असायच्या. मला तो ‘तिसरी पास तहसीलदार’ म्हणायचा. पोलीस पाटलाला ‘उपाशी ऊंट’ म्हणाला होता, ते नाव त्या माणसाला सरणापर्यंत चिकटलं.

असा हा माणूस वर्षातले चार महिने कोणाशीच भांडायचा नाही.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी नुकता वाटणी होऊन वेगळा झालो होतो. कालव्याचं पाणी माझ्या पाळीला चाचाच्या रानात वळवलेलं दिसलं. मी खोरं घेऊनच गेलो. डोकं तापलेलं. चाचा लिंबाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खांद्यावरची मोठी चौकड्याची दस्ती काढली, तिच्या कोपऱ्याला एक गाठ मारली आणि म्हणाला, "ही तुझी. आत्ता न्हाई. सफरात ये."

मी म्हटलं, सफर म्हणजे काय, कुठं जायचंय?

"महिना हाय. मोहरम सरला की लागतो. तवर तू बी शेंगा खा."

मी खोरं घेऊन परत आलो. भांडायला जाऊन शेंगा खाऊन आलेला माणूस घरी काय सांगणार? बायको हसली. तो राग मला कितीतरी दिवस पुरला.

पुढं हळूहळू कळलं. मुसलमानांच्या बारा महिन्यांत चार महिने अदबीचे. रज्जब एकटा येतो. जिलखाद, जिलहज आणि मोहरम हे तिघं हात धरून येतात. जिलहज म्हणजे बकरी ईदचा. चाचा सांगायचा, फार पूर्वी अरबस्तानात माणसं बारा महिने एकमेकांचे गळे कापायची. कोणाला रस्त्यानं जायची सोय नव्हती. मग अल्लानं चार महिने नेमून दिले. त्यात तलवार म्यानात. दुश्मन समोरून गेला तरी जाऊ द्यायचा. यात्रेकरूनं हजला जाऊन यावं, व्यापाऱ्यानं उंट घेऊन यावं, बाईनं पाण्याला निर्धास्त जावं.

"आपल्याकडं तलवार कुठं हाय?" चाचा म्हणायचा. "जीभ हाय. तीच म्यान करायची."

मी विचारलं, गावातले बाकीचे मुसलमान असं गाठी मारत फिरत नाहीत, तूच का? तर म्हणाला, माझा बाप करायचा. बाप का करायचा? "मी बापाला न्हाई इचारलं, मंग तुला कशाला सांगू?" त्याचं हे असं होतं. ज्या गोष्टीचं कारण बापानं दिलं नाही ते कारण त्यानं शोधलंही नाही.

मोहरममधे तो आणखीनच गप व्हायचा. दहाव्या दिवसाचा रोजा धरायचा, आदल्या दिवसाचाही धरायचा. मी एकदा विचारलं की लोक या महिन्यात रडतात ते कशासाठी. त्यानं करबल्याची हकिकत सांगितली. पाण्याला बंदी केली, लेकरंबाळं तहानेनं तडफडली, पैगंबराच्या नातवाला मारलं. एवढं मी ऐकून होतो. पण चाचा थांबला आणि म्हणाला, "आन कवा मारलं? ह्याच महिन्यात. ज्या महिन्यात हत्यार उचलायचं न्हाई त्याच महिन्यात उचललं. मंग रडायचं न्हाई तर काय?" हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

त्या दिवसात तो गावाच्या तिट्ट्यावर गुळाच्या सरबताचा रांजण ठेवायचा. बडीशोप घातलेलं, वर ओलं फडकं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजायचा, जात विचारायचा नाही, आणि स्वतः रोज्यात कोरडाठाक उभा. एका साली आमच्याच आळीतल्या काही पोरांनी तो रांजण फोडला. कोणाच्या तरी सांगण्यावरून फोडला असेल. गूळ-पाणी रस्त्यावर वाहिलं, माणसं गोळा झाली, दोन्हीकडची. मी पण गेलो. सगळे चाचाच्या तोंडाकडं बघत राहिले. हा माणूस शेळीवरून गाव डोक्यावर घेतो, आज काय करील? चाचानं खापऱ्या गोळा केल्या. दस्ती काढली. तिला गाठ मारली. पोरांकडं बघून नुसतं म्हणाला, "सफरात येतो." आणि घरी गेला. ज्यांना दगड उचलायचे होते त्यांचे हात तसेच राहिले. समोरचा माणूसच निघून गेल्यावर दगड कोणाला मारणार?

सफरचा चाँद दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दस्ती घेऊन गावात निघायचा. एकेका दारात उभा राहायचा, गाठ दाखवायचा आणि राहिलेलं भांडण पुरं करायचा. माणसं ओट्यावर येऊन बसायची, बायका दळण ठेवून यायच्या. पण तीन महिन्यांत अर्ध्या गाठी थंड झालेल्या असायच्या. कोणाची शेळी मरून गेलेली, कोणी आपण होऊन बांध नीट करून ठेवलेला. कधी चाचा एखाद्या गाठीकडं बघत उभाच राहायचा.

"ही कशाची व्हती रे?"

"मला काय माहीत? गाठ तुझी."

"इसरलो का काय." मग ती तशीच सोडायचा. हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय.

रांजण फोडणाऱ्यांतल्या थोरल्या पोराच्या दारात तो गेला तेव्हा पोराच्या बापानं नवा रांजण आणून ठेवला होता. चाचानं रांजण घेतला, पण पोराला सोडलं नाही. चहा थंड होईपर्यंत झापलं. मग नेहमीसारखी गाठ सोडली, दस्ती झटकली, ओट्यावर पसरली, तिच्यावर हात आपटला आणि म्हणाला, "बैस आता." ही त्याची रीत होती. भांडण सरलं की त्याच दस्तीवर शेजारी बसवायचा. पोरगं बसलं. पुढच्या मोहरमला सरबत ढवळायला तेच पोरगं होतं.

मुदखेडच्या जीपवाल्याची गोष्ट पण सांगतो. रज्जबचा महिना होता. चाचा, त्याची बायको रहेमतबी आणि मी बाजाराहून परत येत होतो. काळी-पिवळी जीप गच्च भरलेली. ड्रायव्हरनं रहेमतबीला पुढच्या जागेवरून उठवून मागं बसवलं आणि वरून वाकडं बोलला. मी उठलो त्याची गचांडी धरायला. चाचानं माझं धोतर ओढून मला खाली बसवलं. दस्तीला गाठ. मी म्हटलं, अरे, हा तुला पुन्हा कुठं सापडणार आहे? रज्जब सरला, आणि चाचा मुदखेडच्या जीपच्या थांब्यावर दिवसभर बसला, तो ड्रायव्हर येईपर्यंत. ड्रायव्हरला काहीच आठवेना. चाचानं त्याला आधी सगळं आठवण करून दिलं, मग भांडला. येताना त्याच जीपमधे पुढच्या जागेवर बसून आला. घरी येऊन रहेमतबीला म्हणाला, झालं तुझं काम. ती म्हणाली, मी तर विसरले होते. रहेमतबी जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

आता त्या महिन्यांची एक खोड सांगतो. चंद्र एकच, पण आम्ही तीन वर्षाला अधिक महिना घालून आपले महिने जागेवर आणतो. त्यांचे महिने मात्र चालत राहतात. म्हणून चाचाचे गप बसायचे महिने कधी ज्वारीच्या काढणीला यायचे, कधी हळदीला. बांधाची भांडणं होतात ती उन्हाळी नांगरटीला आणि पेरणीला. या शेवटच्या काही वर्षांत ते तीन महिने नेमके तिथंच येऊन बसले. म्हातारपणी आम्ही दोघंही थकलो होतो, त्यामुळं मला ते बरंच वाटायचं. पण बोललो नाही.

चाचा गेला त्या साली अक्षय तृतीयेच्या दिवशीच जिलखाद लागला. पुढं थोड्याच दिवसांत वळवाचं वादळ झालं आणि बांधावरचा लिंब मुळासकट पडला. पडला चाचाच्या रानात, कारण तो आधीपासून त्याच्या बाजूला कललेला होता. बूड आणि मुळं माझ्याकडं. एक मोठी फांदी तेवढी मोडून माझ्या रानात आली.

सकाळी दोघंही तिथं हजर. मी म्हटलं, लिंब माझा. मूळ माझ्या रानात, माझ्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलाय. चाचाच्या मानेच्या शिरा फुगल्या. मला वाटलं, आज याचा नेम मोडतो. पण त्यानं दस्ती काढली.

"सफरात बोलू."

"तवर झाडाला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"कोण लावतो?"

मला ते लाकूड नको होतं. माझ्या घराला सागाची दारं आहेत. चाचाला हवं होतं, त्याच्या घराला टिनाचं दार, वाऱ्यानं रात्रभर वाजायचं. नुसतं मागितलं असतं तर मी कदाचित दिलंही असतं. पण तो मागणारा नव्हता आणि मी न मागता देणारा नव्हतो.

पेरणी आली. लिंब तसाच आडवा. चाचाच्या सोयाबीनचा तेवढा पट्टा पडीक राहिला. माझ्या बाजूचा फांदीखालचा तुकडाही मी पेरला नाही. गावातले लोक हसले, हसू दे.

बकरी ईदच्या सुमाराला चाचाला घास गिळेना. त्याचा मुलगा जब्बार लातूरला गॅरेजमधे कामाला आहे, तो येऊन घेऊन गेला. तिकडच्या डॉक्टरनी गळ्याचं ऑपरेशन केलं. जीव वाचवायला आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली, असं जब्बारनं फोनवर सांगितलं. अब्बा आता बोलणार नाहीत. मग जब्बार म्हणाला, "काका, ते लिंबाचं झाड तुम्हीच घेऊन टाका. मिटवा आता."

मी म्हटलं, "तुझं-माझं भांडण हाय का?"

"नाही."

"मग तू मधी बोलू नको."

फोन ठेवल्यावर रानात जाऊन आलो. उगाच. लिंबाचा पाला वाळून गळून गेला होता. मनात एकच आलं, सफर लागेपर्यंत हा माणूस टिकला पाहिजे. नाहीतर ती गाठ तशीच राहील आणि मी जन्मभर अर्ध्या भांडणात उभा राहीन.

आषाढी अमावास्या सरली, श्रावण लागला. मी हिशेब केला, आमचा नवा महिना लागला म्हणजे त्यांचाही लागला. धुतलेलं धोतर नेसलो, नांदेडहून लातूरची बस धरली आणि दवाखान्यात जाऊन उभा राहिलो. चाचा कॉटवर बसला होता. गळ्याला पट्टी, पट्टीत नळी. अंग पार सुकलेलं, पण उशाला दस्ती, आणि तिला एकच गाठ. मी म्हटलं, "चाचा, आलो. सफर लागला."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. बोटानं वर दाखवलं, मग हाताचा पंजा आडवा फिरवला. चाँद दिसला नाही. अजून मोहरमच.

माझी चूक झाली होती. आम्ही पंचांगावर नवा महिना धरतो, ते डोळ्यानं चाँद बघितल्याशिवाय धरत नाहीत. चुकलो म्हणून परत जाणं माझ्या स्वभावात नाही. जब्बारच्या घरी राहिलो. दिवसा चाचाजवळ जाऊन बसायचो. बोलायचं काही नाही. तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाच्या बायकोनं विचारलं, भाऊ आहात का? मी म्हटलं, न्हाई, भांडायला आलोय.

संध्याकाळी आम्ही दोघं खिडकीतून आभाळ बघायचो. भरून आलेलं. पहिल्या संध्याकाळी चाँद दिसला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही ढगच होते. पण महिन्याला एकतिसावा दिवस नसतो. चाचानं दोन्ही हातांची बोटं तीनदा उघडून दाखवली, तीस पुरे झाले. मी म्हटलं, मग उद्या सकाळी. त्यानं मान हलवली.

सकाळी गेलो. चाचा तोंड धुऊन, केस विंचरून बसला होता. त्यानं गाठ माझ्यापुढं धरली. मी सुरू केलं. दवाखान्यात ओरडता येत नाही म्हणून जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात भांडलो. मूळ माझ्याकडं. पाणी माझ्या विहिरीचं. सुगीच्या सुगीला तूच ओरडायचास, तुझ्या लिंबाची सावली माझी ज्वारी खाती म्हणून. मी म्हणायचो तोडू का, तर म्हणायचास झाड तोडायचं नाही, सावली आवर. ‘तुझ्या लिंबाची’ म्हणायचास. मग लिंब कोणाचा झाला?

चाचाचे ओठ हलले. छाती वर-खाली झाली. नळीतून नुसता वारा आला. त्यानं कॉटवर हात आपटला. ते मला बघवेना.

मी म्हटलं, "थांब. तुझं मी म्हणतो."

"ए तिसरी पास तहसीलदार," मी म्हटलं, "मोजणीला आलास का मापं चोरायला?"

चाचाचे डोळे असे उजळले की काय सांगू. मी त्याचं सगळं बोललो. पन्नास वर्षं ऐकलेलं, पाठ होतं मला. कुठं चुकलं तर तो बोट हलवायचा आणि मी दुरुस्त करायचो. माझ्या बापाला मधी आणायचं राहिलं, तर त्यानं मिशीवर हात फिरवून तेही आठवण करून दिलं. माझं झालं की माझ्या बाजूनं बोलायचो, मग पुन्हा त्याच्या. बोलता बोलता त्याच्या बाजूनं माझ्या तोंडून निघालं,

"सावली सोसायची तवा लिंब तुझा. आन पडल्यावर बी तुझाच? मंग मी इतकी वर्षं काय सोसलं?"

चाचानं एक बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं.

मी माझ्या बाजूला आलो, तर तिथं काही नव्हतं. शोधलं. मूळ, पाणी, विहीर, सगळं बोलून झालं होतं. नर्सबाई गोळ्या देऊन गेली तरी मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, "फांदी माझी. माझ्या रानात पडलीय."

त्यानं थोडा विचार केला. मान हलवली. फांदी माझी.

गाठ त्याच्या हातानं सुटेना. तीन महिन्यांची आवळलेली. मी नखानं, दातानं सोडवली. त्यानं दस्ती माझ्या हातातून घेतली, झटकली. तेवढ्यानंही त्याला दम लागला. मग ती कॉटच्या कडेला पसरली आणि तिच्यावर हात आपटला.

मी बसलो. दुपारच्या बसची वेळ होईपर्यंत बसलो होतो. निघताना वळून पाहिलं तर त्याचा हात अजून दस्तीच्या माझ्या जागेवर होता. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाल्याला घेऊन रानात गेलो. लिंब बुडातून कापायला लावला आणि बैलं जुंपून सबंध खोड चाचाच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी, टिनाच्या दाराजवळ नेऊन टाकलं. मग एकटाच परत आलो आणि ती फांदी ओढत ओढत माझ्या घरी नेली.